लाइट गेली की ५०२, आणि मी स्वतः रीबूट केलं की सगळं ठीक

दाजींच्या कारखान्यातून फोन आला की कोण बोलतंय त्यावरूनच मला तक्रार कळते. भाचा असला तर, “मामा, परत पाचशेदोन,” म्हणजे पानाऐवजी ५०२ नंबरची चूक. दिवाणजी असले तर, “साहेब, पासवर्ड घेईना झालाय.” जवळजवळ वर्षभर मी या दोन वेगळ्या भानगडी समजत होतो. पहिलीसाठी एन्जिनएक्स, म्हणजे बाहेरून आलेली मागणी योग्य सर्व्हिसकडे पाठवणारा दारावरचा प्रोग्राम, रीस्टार्ट करायचो. दुसरीसाठी दिवाणजींना नवा पासवर्ड द्यायचो. तो त्या दिवशी चालायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निमूट चालायचा. दिवाणजींचं मत पडलं की नवा पासवर्ड रात्रभर मुरावा लागतो. लोणच्यासारखा.

घरोघरी रिव्हर्स प्रॉक्सी (असाच दारावरचा प्रोग्राम) लावून सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी नाव जोडून केलेल्या पत्त्यावर) आपापल्या सर्व्हिस चालवणारे बरेच जण आता आहेत, आणि हे दुखणं त्यांच्यापैकी पुष्कळांना असणार. म्हणून सविस्तर लिहितो. कॉन्फिगमधले शब्द इथे देवनागरीत दिलेत, फाइलमध्ये ते अर्थातच रोमनमध्ये टंकायचे.

आधी मांडणी. जुळे सोलापुरात माझ्या घरी टीव्हीमागे एक मिनी पीसी आहे. त्यावर डॉकर (प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या खोलीत चालवणारं सॉफ्टवेअर), आणि डॉकरमध्ये चार सर्व्हिस: फोटो आणि फाइल्स घरच्यांसाठी, हिशेब आणि स्टॉक दाजींच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यासाठी. चौघांना एकेक सबडोमेन, आणि दारात एन्जिनएक्स, तोही कंटेनरमध्येच. हिशेब आणि स्टॉक ही दोन ॲप भाच्याने नोडमध्ये लिहिली आहेत, एकाच साच्यातून काढलेली. त्यामुळे दोन्हींचं लॉगिनचं पान हुबेहूब सारखं, दोन्ही ३००० या पोर्टवर (प्रोग्रामच्या दाराच्या नंबरवर) ऐकणारी, दोन्हींच्या मागे एकच डेटाबेस, मारियाडीबी. फक्त वापरणाऱ्यांची यादी वेगळी. हा तपशील पुढे लागणार आहे.

मी काय काय उगाच केलं

पहिल्यांदा संशय उन्हाळ्यावर. गड्ड्याच्या जत्रेपासून होळीपर्यंत एकदाही त्रास नव्हता. एप्रिल लागला, पारा बेचाळीसच्या पुढे गेला आणि फोन सुरू झाले. मिनी पीसी टीव्हीमागून काढून खिडकीत ठेवला, छोटा पंखा लावला. फरक शून्य.

मग राउटर. आमच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, नाही. राउटरच्या पानावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो, १००.६४ ते १००.१२७ ही रांग मुळात इंटरनेट कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एका पब्लिक पत्त्यामागे बसवण्यासाठी राखलेली आहे. तुमच्याकडेही तसं दिसत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादाला लागू नका, बाहेरून कोणी दारापर्यंत पोचतच नाही. मी त्यासाठी एक स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढलाय. त्या बोगद्यावर संशय घेऊन दोन रविवार घालवले. तो निर्दोष होता.

सगळ्यात मोठी चूक प्रमाणपत्रांची. “एसएसएलचंच काहीतरी असणार” म्हणून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र पुसून नवं काढलं. नाही जमलं, पुन्हा काढलं. त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रं मिळतात. ती मर्यादा मी एका दुपारीत संपवली आणि पाचवं माझ्याच स्क्रिप्टने पुसलं. आधी फक्त हिशेब बंद होता, आता चारही सबडोमेनवर लाल पान. वर मीच कधीतरी एचएसटीएस (इथे फक्त सुरक्षित जोडणीच चालेल असं ब्राउझरला बजावणारी सूचना) लावून ठेवलेलं, त्यामुळे “तरीही पुढे जा” हा पर्यायसुद्धा ब्राउझर देईना. बहिणीचा फोन आला, “अरे, फोटो पण घालवलेस का?”

हे सगळं टळलं असतं, एक साधी गोष्ट डोक्यात ठेवली असती तर. ५०२ हा आकडा एन्जिनएक्सच देतोय. म्हणजे डोमेनचं नाव बरोबर सुटलं, बोगदा चालला, प्रमाणपत्र चाललं, मागणी एन्जिनएक्सपर्यंत पोचली. अडलंय ते त्याच्या मागे. ५०२ दिसत असताना राउटरला हात लावायचं कारण नाही.

मेख कुठे सापडली

एक गोष्ट मला छळत होती. मी स्वतः रीबूट केलं की कधीच काही व्हायचं नाही. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा चारही सर्व्हिस झकास. आणि भाच्याचा फोन यायचा तेव्हा मी काहीच केलेलं नसायचं.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला, ट्यूब नुसती लुकलुकली. पाच मिनिटांत फोन. सहज म्हणून मिनी पीसी किती वेळ चालू आहे ते बघितलं: सहा मिनिटं. घरातले पंखे फिरत होते म्हणून लाइट गेल्याचं कोणी मनावरही घेत नव्हतं, पण इन्व्हर्टरवर बदलण्याच्या त्या क्षणभरात मिनी पीसी पडून उठत होता. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला साधा मोड आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. माझं साध्यावर होतं.

बटण फिरवलं आणि दीड महिना एकही फोन नाही. प्रश्न सुटला असं मी दाजींना सांगूनही टाकलं. मग एका सकाळी उठल्या उठल्या मारियाडीबीची इमेज अपडेट केली. थोड्याच वेळात दिवाणजी: “साहेब, पासवर्ड...”

म्हणजे बटणाने रोग बरा झाला नव्हता, फक्त झटका कमी वेळा येत होता.

या वेळी रीस्टार्ट करायचा मोह आवरला. तेवढं एक तुम्हीही करा: बिघडलेलं असतानाच बघा, कारण रीस्टार्टने पुरावा जातो. एरर लॉग उघडला तर स्वच्छ. एकही ओळ नाही. पासवर्ड चुकतोय आणि एन्जिनएक्सच्या मते काही बिघडलेलंच नाही. तेव्हा ॲक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीम ॲडर हे व्हेरिएबल घालायचं ठरवलं, म्हणजे कुठली मागणी आत कुठल्या पत्त्यावर गेली ते दिसेल. पण लॉगचा फॉरमॅट बदलून रीलोड केलं (म्हणजे एन्जिनएक्सला कॉन्फिग पुन्हा वाचायला लावलं), आणि रीलोड करताच सगळं ठीक झालं! चरफडलो. पण तीच खूण होती. रीलोडने पासवर्ड दुरुस्त होत नसतो. पत्ता नवा होतो.

पुढच्या वेळी ते व्हेरिएबल आधीपासून जागेवर होतं. लॉगमध्ये दिसलं: हिशेब सबडोमेनची मागणी १७२.२०.०.६ वर जात होती. डॉकर इन्स्पेक्ट करून पाहिलं तर हिशेबचा पत्ता १७२.२०.०.५ आणि ६ वर स्टॉक बसलेला. दोघांनी खोल्या बदलल्या होत्या आणि एन्जिनएक्सला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवाणजी हिशेबाचा पासवर्ड स्टॉकच्या लॉगिन पानावर टाकत होते. पान सारखंच, पोर्ट सारखाच, यादी वेगळी. “पासवर्ड चुकीचा” हे स्टॉकचं उत्तर शंभर टक्के खरं होतं.

हे होतं कसं

एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी पासमध्ये, म्हणजे मागणी कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीत, आपण कंटेनरचं नाव लिहितो. त्या नावाचा आयपी एन्जिनएक्स कॉन्फिग वाचताना विचारून घेतो, म्हणजे सुरू होताना किंवा रीलोड होताना. त्यानंतर तो पुन्हा विचारत नाही. मिळाला तो पत्ता पुढच्या रीलोडपर्यंत. पहाटे चारला प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी माझा एन्जिनएक्स रीलोड होतो, म्हणून दिवाणजींचा पासवर्ड रात्रीत “मुरत” होता.

दुसऱ्या बाजूला डॉकर. कंटेनर थांबला की त्याचा आयपी मोकळा होतो, पुन्हा सुरू झाला की रिकामा असेल तो मिळतो. तोच मिळेल याची हमी नाही. दोन कंटेनर एकदम पडले आणि उलट्या क्रमाने उठले तर पत्ते अदलाबदल होतात.

आता लाइट आणि रीबूट यातला फरक. मी नीट रीबूट करतो तेव्हा मारियाडीबी व्यवस्थित बंद होते आणि चटकन उठते. अचानक वीज गेली तर उठताना तिला अर्धवट राहिलेली कामं लॉगवरून निस्तरावी लागतात, त्यात वेळ जातो. भाच्याची ॲप डेटाबेस सापडला नाही की मरून जातात. डॉकर त्यांना पुन्हा उठवतो, ती पुन्हा मरतात. दर वेळी मधला अवधी दुप्पट होत जातो, १०० मिलिसेकंदापासून एक मिनिटापर्यंत. या उठाबशांत दोन ॲपचे पत्ते फिरत राहतात. एन्जिनएक्स नेमका मधल्याच कुठल्यातरी क्षणी पत्ते टिपून घेतो आणि ते धरून बसतो. डेटाबेसची इमेज अपडेट केली तेव्हाही हेच झालं, फक्त वळिवाऐवजी मी होतो.

“पण कंपोजमध्ये डिपेंड्स ऑन लिहिलंय की!” भाचा म्हणाला. कंपोज म्हणजे सगळ्या कंटेनरची मांडणी लिहिलेली डॉकरची फाइल, आणि डिपेंड्स ऑन म्हणजे कोणाआधी कोण उठावं ते सांगणारी ओळ. मीही तेच म्हणालो असतो. ते फक्त आपण कंपोज अप करतो तेव्हा पाळलं जातं. मशीन उठल्यावर डॉकर रीस्टार्ट पॉलिसीनुसार कंटेनर उठवतो, तेव्हा तो क्रम कोणी विचारत नाही. हेल्थचेकची (आधीचा खरंच तयार आहे का या तपासणीची) अट जोडली तरी तेच.

मग ५०२ कधी आणि चुकीचं ॲप कधी? जुन्या पत्त्यावर आता कोण आहे त्यावर. कोणीच नसेल तर एरर लॉगमध्ये ११३ नंबरची चूक येते, होस्टपर्यंत वाटच नाही म्हणून: घर रिकामं आहे. १११ येत असेल, म्हणजे कनेक्शन नाकारलं, तर घरात कोणीतरी आहे पण त्या पोर्टवर ऐकत नाही. बहुतेक दुसराच भाडेकरू, किंवा आपलाच पण अजून जागा न झालेला. दोन्हींत पानावर ५०२. आणि नवा भाडेकरू त्याच पोर्टवर ऐकत असेल तर चूकच नाही, चुकीचं ॲप उघडतं. तिन्हींत मला भीती या शेवटच्या प्रकाराची वाटते, कारण एका सर्व्हिसचे पासवर्ड आणि कुकी दुसऱ्या सर्व्हिसच्या हाती जातात. माझ्याकडे दोन्ही ॲप घरचीच होती म्हणून निभावलं.

एक जोडभानगड याच मुळातली. एन्जिनएक्स सुरू होताना एखादं नाव सापडलं नाही, तर अपस्ट्रीममधला (म्हणजे मागच्या सर्व्हिसचा) होस्ट सापडत नाही असं म्हणून तो उठतच नाही. थांबलेल्या कंटेनरचं नाव डॉकर देत नाही, म्हणून एकटा स्टॉक बंद असला तरी चारही सबडोमेन जातात.

उपाय

दोन ओळींचा आहे, पण दोन्हींत एकेक खड्डा आहे.

पहिली ओळ: सर्व्हर ब्लॉकमध्ये (कॉन्फिगमधल्या त्या सबडोमेनच्या भागात) रिझॉल्व्हर, पुढे १२७.०.०.११, पुढे व्हॅलिड इज इक्वल टू १० एस. हा पत्ता डॉकरच्या आतल्या नावं सांगणाऱ्या सेवेचा, प्रत्येक कंटेनरच्या आतून तो हाच असतो. मात्र तुमचं नेटवर्क तुम्ही स्वतः तयार केलेलं हवं. डॉकरच्या मूळ ब्रिजवर (आपोआप मिळणाऱ्या नेटवर्कवर) कंटेनरची नावं सुटत नाहीत. व्हॅलिडचा भाग गाळू नका. डॉकर नाव सांगताना “हे उत्तर ६०० सेकंद चालेल” असं सांगतो, आणि व्हॅलिड नसेल तर एन्जिनएक्स ते ऐकतो. म्हणजे दहा मिनिटं पुन्हा जुनाच पत्ता. मी नेमकं हेच गाळलं होतं आणि उपाय चालत नाही म्हणून अर्धा दिवस काढून टाकला होता.

दुसरी ओळ: कंटेनरचं नाव थेट प्रॉक्सी पासमध्ये न लिहिता सेट वापरून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि प्रॉक्सी पासमध्ये ते व्हेरिएबल द्या. व्हेरिएबल असलं की एन्जिनएक्सला पत्ता आधी ठरवता येत नाही, मागणी आल्यावरच विचारावा लागतो. नुसता रिझॉल्व्हर लिहून नाव जुन्याच पद्धतीने ठेवलं तर काहीही बदलत नाही, तो रिझॉल्व्हर नुसता शोभेला.

खड्डा असा: व्हेरिएबल वापरताना प्रॉक्सी पासच्या शेवटी तिरकी रेघ (/) ठेवू नका. बिनव्हेरिएबलच्या कॉन्फिगमध्ये मुळाच्या लोकेशनला ती निरुपद्रवी असते, म्हणून आपण जुनी ओळ उचलून डकवतो. व्हेरिएबल आलं की एन्जिनएक्स मूळ मागणीतला पाथ टाकून देतो आणि जे लिहिलंय तेच पुढे पाठवतो, म्हणजे प्रत्येक मागणी मुखपृष्ठाची. पान उघडतं पण रंगरूप नाही, बटणं मेलेली, कुठलीही लिंक दाबा मुखपृष्ठच. असं दिसलं तर ती रेघ काढा.

१.२७.३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर आणखी नीटनेटकी वाट आहे. ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यापासून अपस्ट्रीम ब्लॉकमधल्या सर्व्हरच्या ओळीला रिझॉल्व्ह जोडता येतं. आधी ती सोय फक्त पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत होती. सोबत ब्लॉकमध्ये झोनची ओळ लागते, आणि रिझॉल्व्हर लागतोच. यात मागच्या सर्व्हिसशी जोडलेली कनेक्शन टिकवून पुन्हा वापरता येतात, व्हेरिएबलच्या युक्तीत ते जमत नाही. आमच्या वीसेक माणसांच्या वापराला तो फरक जाणवत नाही, म्हणून मी व्हेरिएबलवरच आहे.

कोणी म्हणेल, कंपोजमध्ये प्रत्येकाला ठरावीक आयपी देऊन टाका. चालतं. पण ते आकडे तुम्हालाच सांभाळावे लागतात आणि सहा महिन्यांनी नवी सर्व्हिस जोडताना कुठला रिकामा हे वहीत बघावं लागतं. मला वहीचा भरवसा नाही. एन्जिनएक्स कंटेनरमध्ये नसून थेट मशीनवर असेल तर हे दुखणं नाहीच, कारण तो १२७.०.०.१ वरच्या पोर्टांशी बोलतो आणि ते बदलत नाहीत. तेव्हा पोर्ट उघडताना पुढे १२७.०.०.१ लिहायचं मात्र विसरू नका, नाहीतर डॉकर ते पोर्ट यूएफडब्ल्यूला (लिनक्सवरच्या फायरवॉलला) बगल देऊन नेटवर्कवर मोकळे करतो.

पडताळणीसाठी वळिवाची वाट बघायची गरज नाही. हिशेब आणि स्टॉक दोन्ही थांबवा, मग आधी जो होता त्याच्या उलट क्रमाने सुरू करा. इन्स्पेक्ट करून पत्ते खरंच बदललेत ना ते बघा. मग एन्जिनएक्सला हात न लावता दहा सेकंद थांबून दोन्ही सबडोमेन उघडा. आणि एक कंटेनर बंद ठेवून एन्जिनएक्स रीस्टार्ट करून पाहा: तो उठला पाहिजे आणि फक्त त्या एका सबडोमेनवर ५०२ दिसला पाहिजे.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

लॉगमधला पत्ता आणि इन्स्पेक्टमधला पत्ता एकच निघाला तर वरचा उपाय तुमच्या कामाचा नाही. तेव्हा १११ येत असेल तर बहुधा पोर्ट चुकलाय: बाहेर उघडलेला पोर्ट लिहिलाय, कंटेनरच्या आतला लिहायला हवा. किंवा ॲप कंटेनरच्या आत फक्त १२७.०.०.१ वर ऐकतंय. लॉगिननंतरच ५०२ येत असेल आणि लॉगमध्ये हेडर फार मोठं असल्याची तक्रार असेल तर प्रॉक्सी बफर साइझ वाढवा. ५०४ असेल तर मागची सर्व्हिस उत्तर द्यायला वेळ लावतेय, मूळ मर्यादा ६० सेकंदांची. फोटो चढवताना ४१३ आला तर क्लायंट मॅक्स बॉडी साइझ, मूळ मर्यादा एक एमबी. आजकालचा एक फोटोही त्यात मावत नाही.

आणि चुकीचं ॲप उघडतंय पण ते नेहमीच, लाइट जावो न जावो? मग त्या सबडोमेनला जुळणारा सर्व्हर ब्लॉकच नाही. एन्जिनएक्स अशी मागणी त्या पोर्टच्या पहिल्या ब्लॉकला देऊन मोकळा होतो. डिफॉल्ट सर्व्हर म्हणून एक वेगळा ब्लॉक लिहा आणि त्यातून ४४४ परत करा, म्हणजे अनोळखी नावाला उत्तरच नाही.

भाच्याला एवढंच सांगितलं की डेटाबेस नाही म्हणून जीव देऊ नको, थांबून पुन्हा विचार. त्याने ॲपमध्ये तसा बदल केलाय आणि दोन्हींच्या लॉगिन पानाला वेगळे रंग दिलेत, हिशेब हिरवा, स्टॉक निळा. परवा रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला, लाइट दोनदा गेली. सकाळी दिवाणजींचा फोन आला तेव्हा छातीत धस्स झालं. त्यांना जुना पासवर्ड परत हवा होता, नवा लक्षात राहत नाही म्हणून.